माजघराचा पासवर्ड

जयगड, १२ जानेवारी

चि. सर्वेश,

अनेक आशीर्वाद. हे रिवाजाचे. मनातून सध्या तुला शिव्याच आहेत.

फोनवर आपलं बोलणं होत नाही, भांडण होतं, आणि माझी पाळी आली की नेमकी तुझ्या बोटीची रेंज जाते. म्हणून ईमेल लिहिते आहे. हे तरी शेवटपर्यंत वाच.

दिवाळीत सुट्टीवर आलास तेव्हा आप्पांच्या खाटेला स्टँड लावून टॅब बसवून दिलास. त्यावर मोठी मोठी बटणं: दिवा, पंखा, रेडिओ, घंटा. भिंतीतल्या सॉकेटांत ते पांढरे स्मार्ट प्लग खोचलेस. टॅबवर नुसतं बोट टेकलं की दिवा लागायचा. "आता आप्पांना कुणाच्या तोंडाकडे बघायला नको," असं सगळ्या वाडीला सांगत फिरलास आणि बोटीवर निघून गेलास. तू होतास तोवर दिवा टक्कन लागत होता, हे मी नाकारत नाही. आताचं ऐक.

आता दिवा लागतो तो त्याच्या मर्जीने. आप्पा अंगठा टेकतात आणि वाट बघतात. मी गॅसवरचं दूध उतरवून, झाकण ठेवून येते, तरी अंधारच. त्यांना वाटतं बोट नीट लागलं नाही, म्हणून पुन्हा टेकतात. मग दिवा लागतो आणि लगेच विझतो, कारण दुसऱ्यांदा टेकलं म्हणजे बंद. ते घाबरून आणखी टेकतात. मग सगळे हुकूम एकदम पोचतात आणि खोलीत नुसती उघडझाप सुरू होते.

दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर मी हसले असते. पण हा माणूस नोकरीभर दीपगृहावर होता. सूर्य बुडाला की दिवा लागलाच पाहिजे, मग घरी लग्न असो की मयत. अर्धांगाने उजवी बाजू गेली, वाचा अर्धी राहिली, डाव्या हाताचा अंगठा तेवढा हुकमतीत आहे. आता त्यांना वाटायला लागलंय की तोही गेला. काल अंगठ्याकडे बघत मला म्हणाले, "ह्यो पन गेला गो." मी सांगते की आप्पा, अंगठा चांगला आहे, यंत्र मंद आहे. ते पटत नाही. कारण यंत्र सर्वेशाने लावलंय, आणि सर्वेशाचं चुकत नाही.

शिवा वायरमन म्हणतो, खाटेला लोंबतं बटण लावून देतो. पण ते दाबायला जोर लागतो, आप्पांना जमत नाही, आपण करून पाहिलंय. तेव्हा तुझ्याच यंत्रावर भिस्त आहे. ते नीट कर.

ताई

*

बोटीवरून, १५ जानेवारी

ती. ताई,

सा. न. आमच्या बोटीवर पंप बंद पडला की माणसं मला काय झालं ते सांगतात, शिव्यांची यादी सांगत नाहीत. इलेक्ट्रिकल ऑफिसर मी इथला आहे, देव नाही. बारा खलाशांच्या तक्रारी ऐकून केबिनमध्ये येतो तर तुझं पत्र.

शांतपणे वाच. मी आपल्या घरात एकाऐवजी तीन नेटवर्कं केली आहेत, बोटीवर करतात तशीच. एकात कीड शिरली तर दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. तुला लक्षात राहावीत म्हणून नावंही घरातलीच दिली: माजघर, पडवी आणि गोठा. प्लग गोठ्यात आहेत. रचना एकदम पक्की आहे, त्यात बिघाड नाही.

मला संशय भिंतींचा आहे. आपलं घर जांभ्या चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. त्यातून रेंज जात नाही. तेव्हा एवढं करून बघ. प्लगवर एक बारीक बटण आहे, ते हाताने दाबून दिवा लगेच लागतो का बघ. मग टॅब पडवीतल्या वायफायच्या डब्याजवळ नेऊन बघ. आणि टॅबवर नेटवर्कचं नाव काय दिसतं ते कळव. ओरडायचं नाही. बघायचं आणि लिहायचं.

सर्वेश

*

जयगड, २० जानेवारी

सर्वेश,

बघितलं. आता लिहिते.

प्लगवरचं बारीक बटण दाबलं, दिवा तत्काळ लागला. म्हणजे दिवा बरा, प्लग बरा, वीज बरी. मग टॅब स्टँडवरून काढला आणि अख्ख्या घरात मिरवला. खाटेखाली धरला, भिंतीला टेकवला, पडवीत नेऊन तुझ्या डब्याला चिकटवून धरला. रेंजच्या कमानी भरभरून दिसत होत्या, तरी दिव्याचं तेच रडगाणं. दमयंती काकू कुंपणापलीकडून बघत होत्या. म्हणाल्या, "काय गो निशा, आरती ओवाळतंस काय?"

तेव्हा चिऱ्याला दोष देऊ नकोस. नाचता येईना अंगण वाकडं. ह्याच भिंतींतून दिवाळीत दिवा लागत होता ना?

टॅबवर नाव दिसतं पडवी. डबा पडवीत आहे, म्हणून पडवी. तू गेलास त्याच आठवड्यात टॅब एकदा गोठला होता, तो बंद करून मी पुन्हा लावला, मला तू दिलेला पासवर्ड घालून. माजघरातल्या डब्याचंही नाव त्यात दिसतं. खरं तर आप्पांच्या खाटेला तोच जवळ आहे, वर कपाटावर. पण तो माझा पासवर्ड घेत नाही, चुकीचा आहे म्हणतो. तो डबा बिघडलाय बहुतेक. त्याला उतरवून पुसून बघू का?

आप्पा आज दिवसभर टॅबकडे बघत नव्हते. संध्याकाळी दिवा मीच लावला. लावताना ते माझ्या हाताकडे बघत होते. मला ते बघणं सोसत नाही सर्वेश, लवकर काहीतरी कर.

ताई

*

बोटीवरून, २ फेब्रुवारी

ती. ताई,

माजघराचा डबा बिघडलेला नाही. त्याला हात लावू नकोस. उतरवू नकोस, पुसू नकोस.

सगळं एकदा बंद करून चालू कर. आणि आप्पांना समजाव की एकदाच टेकायचं आणि थांबायचं. सारखं सारखं टेकल्यामुळेच हुकूम तुंबतात. थोडा धीर धरायला शिकलं पाहिजे माणसाने.

आणि तुझ्या फोनवर जे काय येतं ते उघडणं बंद कर. मागे फुकट पैठणीची लिंक उघडून बसली होतीस, आठवतं? मग घरातलं नेट मंद होणार नाही तर काय होणार. मे महिन्यात येईन तेव्हा स्वतः बघतो. इथे माल उतरवायचं काम चालू आहे, झोप नाही.

सर्वेश

*

जयगड, ९ फेब्रुवारी

सर्वेश,

धीर? आप्पांना धीर शिकवतोस? दीपगृहावर वादळात दार उघडता येत नसताना जो माणूस वातीपाशी बसून राहायचा, त्याला? अंथरुणात पडून छताच्या वाशांकडे बघण्यात ज्याचा दिवस जातो त्याला? धीराचं दुकान काढलं तर आप्पा तुला आणि मला दोघांना माल पुरवतील.

आणि पैठणीची लिंक मी उघडली होती, हो. उघडली आणि बंद केली. त्याला किती काळ लोटला! आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला. उंटावरून शेळ्या हाकणं तुझं काही सुटत नाही.

आता मुद्द्याचं. परवा बंदराकडे जाणाऱ्या एका उंच ट्रेलरने नाक्यावरची इंटरनेटची केबल ओढून तोडली. सगळ्या वाडीचं नेट गेलं. जाऊ दे, मला काही त्यावर सिनेमे बघायचे नव्हते. पण आप्पांनी दिव्याला बोट टेकलं तर दिवा लागलाच नाही. उशिरा सुद्धा नाही. पंखा नाही, घंटा नाही. केबल जोडून होईपर्यंत काहीच नाही.

हे मला समजव. टॅब आपल्या घरात. प्लग आपल्या घरात. दोघांच्या मध्ये खाटेएवढं अंतर. वीज होती. मग नाक्यावरची तार तुटली तर माजघरातला दिवा का लागू नये? आमच्या माजघरातल्या दिव्याचा आणि नाक्याचा संबंध काय?

तू शिकलेला आहेस. उत्तर दे.

निशिगंधा

*

जयगड, २६ फेब्रुवारी

सर्वेश,

तुझं उत्तर आलं नाही. तुझ्या मृणालीला पनवेलला फोन केला, तर ती म्हणाली की बोट बंदरात आहे, तो रोज बोलतो. म्हणजे रेंज आहे. फक्त माझ्यासाठी नाही.

मग आता मी सांगते ते ऐक, आणि हे वाचताना मध्येच उठून जाऊ नकोस.

सोमवारी दुपारी मी परसात कुळीथ झोडत होते. घंटा स्वयंपाकघरात आहे, खिडकी उघडी ठेवली की परसात ऐकू येते. आप्पांना जायचं होतं. त्यांनी घंटेला बोट टेकलं. घंटा वाजली नाही. त्यांनी तुझं ऐकून धीर धरला. मीच सांगितलं होतं त्यांना, की सर्वेशाने एकदाच टेकायला सांगितलंय. मग अगदीच राहवेना तेव्हा पुन्हा टेकलं. तेवढ्यात पहिला हुकूम पोचला असणार, घंटा वाजली आणि दुसऱ्याने लगेच बंद झाली. काठीच्या आवाजात मला काय ऐकू येणार?

मी आत गेले तेव्हा दमयंती काकू दारात उभ्या होत्या. पापलेटं आणून द्यायला आल्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. चादर, लुंगी, गादी सगळं ओलं. आप्पांनी तोंड भिंतीकडे केलं होतं आणि चांगला हात डोळ्यांवर घेतला होता. काकू बिचाऱ्या तशाच मागे फिरल्या. पण आप्पांना कळलं होतं कोण आहे ते. ज्या बाईसमोर हा माणूस उघड्या अंगाने कधी पडवीत आला नाही, तिने हे पाहिलं.

मी सगळं बदललं. पुसलं. दिवेलागण झाली तेव्हा विचारलं, आप्पा, दिवा लावू? म्हणाले, "नको. काळोख बरा." दिव्याच्या नोकरीतला माणूस, सर्वेश. काळोख बरा म्हणाला.

तेव्हापासून त्यांनी टॅबचं तोंड फिरवून ठेवलंय. घंटा वाजवत नाहीत. हाक मारत नाहीत. जेवण अर्ध्यावर सोडतात, का सोडतात ते मला कळतं. कमी खाल्लं की कमी जावं लागतं. मी त्यांच्यासमोर नाही रडत, मोरीत जाऊन रडते आणि तिथे उभी राहून तुला शिव्या देते. हे असंच चाललं तर मे महिन्यात तू येशील तेव्हा तुझी पक्की रचना तेवढी बघायला शिल्लक असेल.

निशिगंधा

*

बोटीवरून, ३ मार्च

ताई,

पत्र वाचलं. जेवलो नाही. पण सगळं माझ्याच माथी मारू नकोस, मी काही मुद्दाम केलेलं नाही.

तू केबलचं लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं काय झालंय. टॅब पडवीवर आहे. पडवी म्हणजे डब्याची जागा नव्हे, ते नेटवर्कचं नाव आहे. माजघरातून गोठ्यात जायला मी आतून दार ठेवलंय. पडवीतून ठेवलेलं नाही. त्यामुळे पडवीतल्या माणसाला गोठ्यात काही सांगायचं असेल तर तो घराबाहेर पडतो, नाक्यावरून जातो, प्लगवाल्या कंपनीच्या परदेशातल्या कचेरीत जाऊन निरोप देतो, आणि कचेरीचा माणूस तो निरोप घेऊन परत आपल्या गोठ्यात येतो. म्हणून उशीर. म्हणून तार तुटली की सगळं बंद.

दिवाळीत मी टॅब माजघरावर लावला होता. तो गोठल्यावर तू तुझ्याकडचा पासवर्ड घातलास आणि तो पडवीत गेला. ह्यात माझी काय चूक? आणि लगेच सांगितलं नाही कारण सांगायचं तर माजघराचा पासवर्ड द्यावा लागला असता. ते असं ईमेलमध्ये वाटण्यासारखं नसतं. पडवी पाहुण्यांसाठी असते आणि घरच्यांचं नेटवर्क वेगळं ठेवावंच लागतं. त्यात अंगणात लावलेल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आहे, मृणाली येते तेव्हा तिचं ऑफिसचं काम असतं. बोटीवर मी सुद्धा कॅप्टनच्या नेटवर्कवर नाही. त्याचा कुणी अपमान मानत नाही.

काहीतरी मार्ग काढतो. आप्पांना जेवायला घाल.

सर्वेश

*

जयगड, ५ मार्च

सर्वेश,

"घरच्यांचं."

तूच लिहिलंयस. मी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला, म्हटलं चष्म्याचा दोष असेल. नाही. घरच्यांचं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं. मृणाली गणपतीला आणि दिवाळीला येते ती घरची. तू वर्षाकाठी दोन महिने येतोस तो घरचा. आणि आप्पा पाहुणे. ह्या घराचा चिरा न् चिरा ज्यांनी खाणीवर उभं राहून निवडून आणला, ते आप्पा त्यांच्याच माजघरात खाटेवर पडून पडवीत बसलेत!

आणि मी एवढी मूर्ख, की पडवी म्हणजे डबा कुठे ठेवलाय ते समजत होते. माजघराचा डबा माझा पासवर्ड घेत नाही म्हणून त्याला पुसायला निघाले होते. तू ते वाचलंस आणि मला काय उत्तर दिलंस? हात लावू नकोस. टॅबवर पडवी आहे हे वाचून तुला तेव्हाच कळलं असणार. कळून गप्प बसलास, आणि मधल्या दिवसांत आप्पांच्या अंगाखाली गादी भिजली. पडवी कोणासाठी असते ते मला शिकवू नकोस. लहानपणी पडवीत कोण बसायचं? भांड्यांना कल्हई लावायला येणारा. अनोळखी वाटसरू. त्यांना चहा तिथेच द्यायचा, आत बोलवायचं नाही.

माझं म्हणशील तर मला ठाऊक आहे, माहेरवाशीण ही पाहुणीच. चार दिवस आंबोळ्या खायच्या, ओटी भरून घ्यायची आणि एसटीत बसायचं. पण मी दापोलीहून ओटी भरून घ्यायला आले नव्हते. तिथलं दार माझ्या हाताने ओढून घेऊन आलेय, आणि का ते मी तुला एकट्यालाच सांगितलंय. तू म्हणाला होतास, ताई, हे तुझंच घर. म्हणताना आवाज भरून आला होता तुझा. मग पासवर्ड देताना काय झालं?

पाहुणीला कुणी गादी धुवायला लावतं का रे? पाहुणी मोरीत उभी राहून बापाच्या लुंग्या पिळते? तुझ्या बोटीवरच्या नियमांत असेल तर तसं कळव.

तुझ्या मार्गाची वाट बघत नाही. मला माजघराचा पासवर्ड पाठव. आजच्या आज.

निशिगंधा

*

बोटीवरून, ११ मार्च

ताई,

तू शब्दाला धरून बसतेस. पाहुणे हा नुसता नेटवर्कचा प्रकार आहे, त्याला जगभर तेच म्हणतात. मनातलं विष तू स्वतः कालवलंस.

खरं सांगायचं तर मृणालीला आणि मला दोघांनाही वाटलं होतं की आप्पा थोडे सावरले की तू परत जाशील. सगळेच जातात. घरोघरी भांडणं होतात आणि मिटतात. मग कशाला पासवर्ड वाटत बसायचे, असा विचार केला. त्यात तुला हाकलायचा हेतू नव्हता.

पासवर्ड वेगळ्या मेलने पाठवलाय. इंग्रजी अक्षरं आहेत, मोठी कुठली आणि लहान कुठली ते नीट बघ, मध्ये आकडे आणि चिन्हंही आहेत. लांब आहे, पण तोडायला कुणाचा बाप आला तरी तुटणार नाही. तो फक्त आप्पांच्या टॅबला घाल. तुझा फोन पडवीतच राहू दे. तू त्याच्यावर काय काय उघडतेस त्याचा भरवसा नाही. टॅब लागला की मेल पुसून टाक.

आप्पांची तब्येत कळव.

सर्वेश

*

जयगड, १६ मार्च

सर्वेश,

टॅब माजघरावर लावला. आता तू विचारलेली आप्पांची तब्येत सांगते.

टॅब स्टँडवर त्यांच्याकडे वळवून ठेवला तर त्यांनी मान फिरवली.  मीच बोट टेकलं. दिवा टक्कन लागला, बोट उचलायच्या आत. त्यांची पाठ माझ्याकडे होती, पण भिंतीवर उजेड पडला तो त्यांना दिसला. पापणी हलली. मी बंद केला, पुन्हा लावला. "कोन लावताय?" म्हणाले. मी म्हटलं, टॅबवरून लावतेय, आप्पा. त्यांनी हळूहळू मान वळवली आणि नुसता अंगठा पुढे केला.

दिवा लागला. त्यांनी बंद केला. पुन्हा लावला. मग पंखा. मग रेडिओ, त्याच्यावर कुणीतरी भुईमुगावरच्या किडीबद्दल बोलत होतं ते तसंच चालू ठेवलं. मग घंटा. घंटा एवढी वाजवली की दमयंती काकू धावत आल्या, "आग लागली काय गो?" त्या दारात दिसल्यावर मी घाबरले. पण आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांच्या देखत दिवा एकदा बंद करून लावून दाखवला. काकू म्हणाल्या, "बेस झाला दाजी." त्या रात्री ते पोटभर जेवले. पापलेटाचं डोकं सुद्धा चोखलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, काय बिघडलं होतं. मी टाळत होते. तुझं नाव त्यांच्यासमोर खराब करायचं माझ्या मनात नव्हतं, कितीही राग असला तरी. पण खोटं बोलले असते तर त्यांना पुन्हा वाटलं असतं की अंगठ्यातच दोष होता. म्हणून सगळी पत्रं वाचून दाखवली. तुझीही आणि माझीही. पडवीचं वाचलं, पाहुण्यांचं वाचलं, माझ्या परत जाण्याचं वाचलं, शेवटची तुझी अटही वाचली. ते डोळे मिटून ऐकत होते. झोपले की काय असं वाटलं.

मग म्हणाले, "तुजा फोन आन."

मी फोन दिला. त्यांनी तो छातीवर ठेवला आणि तुझा तो पासवर्ड टॅबवर डोळ्यांसमोर उघडायला लावला. एकेक अक्षर शोधायचं, त्यावर अंगठा आणायचा, टेकायचा, मग पुढचं. मोठं अक्षर आलं की थांबायचे. फोन म्हणाला, चूक. मी म्हटलं, आप्पा, द्या, मी घालते. तर माझ्यावर खेकसले, "हात लावू नको!" किती महिन्यांनी त्यांचा तो आवाज ऐकला, दीपगृहावर आपण काचेला बोट लावलं की यायचा तो.  घामाने त्यांचा गळा ओला झाला होता. फोन पुन्हा चूक म्हणाला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बाहेर पाखाडीच्या पायऱ्यांवरून शाळा सुटलेली पोरं गेली, चहा निवला, मी वारा घालत होते आणि ते टेकत होते.

लागला शेवटी. फोन माझ्यासमोर धरला. वर लिहून आलं होतं माजघर.

"आलीस काय गो आत?" म्हणाले.

मी नुसती मान हलवली.

तेव्हा तुझी अट मी मोडली असं म्हणू नकोस. मी फोनमध्ये एक अक्षरही घातलं नाही. पासवर्ड आप्पांनी घातला, त्यांच्या घराचा, त्यांच्या अंगठ्याने. त्या अंगठ्यात काही दोष नाही हे मी तुला पहिल्याच पत्रात कळवलं होतं. मेल मात्र पुसलाय. आप्पा म्हणाले, पुसून टाक, माझ्या ध्यानात आहे. खरंच आहे, मी विचारून बघितलं, चिन्हांसकट धडाधड म्हणून दाखवला. वाचा अडखळली, पण चुकले नाहीत.

माझा राग गेलेला नाही. तू लिहिलेला शब्द मी विसरणार नाही, आणि दापोलीला मी जाणार नाही, हे मृणालीलाही सांग. आंबे काढायचे तेव्हा ये, ते तुझ्या वाटणीचेही आहेत.

तुझ्या डब्याशी काय करायचं ते शिवा वायरमनला विचारून मी आप्पांना समजावून दिलं आणि काल त्यांनी टॅबवर खुडबुड करून माजघराचा पासवर्ड बदललाय. जुना आता चालणार नाही. नवा काय आहे ते मला सांगितलंय. तुला कळवू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, "कागदावर नको. मे म्हैन्यात आला की पडवीत बसंल, च्या घेईल, आनि माज्याकडं मागंल."

घरची,
निशिगंधा